दुर्बिणीची तारीख ठरली होती, प्रोलॅक्टिन तपासलंच नव्हतं

वय २७. लग्नाला चार वर्षं झालेली, दिवस एकदाही गेलेले नाहीत. गेल्या सात महिन्यांत गोळी घेतल्याशिवाय पाळी आलेली नाही. फाइलीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘पीसीओडी’ (हार्मोनच्या गडबडीतून होणारा अंडाशयाचा आजार) आणि शेवटच्या पानावर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीख. अंडाशयाला विजेच्या सुईने बारीक भोकं पाडायची, म्हणजे अंडं तयार व्हायला लागेल, असं घरच्यांना सांगितलेलं. सोनं गहाण ठेवून पैशांची जुळणीही झाली होती. नणंदेने धोशा लावला म्हणून शस्त्रक्रियेआधी दुसरं मत घ्यायला हे कुटुंब माझ्याकडे आलं.

हे प्रकरण एकाच बाईचं नाही. ऊसपट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी अशा ज्या जणी येतात, त्यांच्या कहाण्या एकत्र करून ते मांडलं आहे. वय, आकडे, घरचे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय गाभा मात्र जसाच्या तसा आहे.

फाइल काय सांगत होती

दीड वर्षात अंडं तयार व्हावं म्हणून तिला आधी क्लोमिफीन ५० मिलिग्रॅम, मग १०० मिलिग्रॅम आणि त्यानंतर लेट्रोझोल दिलेलं होतं. प्रत्येक वेळी सोनोग्राफीने अंडं बघितलं होतं आणि प्रत्येक रिपोर्टवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर होता: अंडं वाढलेलं नाही, गर्भपिशवीचं अस्तर चार मिलिमीटर. तरीही दोनदा अंडं फुटण्याचं इंजेक्शन दिलेलं. जे वाढलंच नाही ते फुटणार कसं, हा प्रश्न त्या कागदांवर कुठेच नव्हता.

थायरॉइडची तपासणी एकदा झाली होती आणि ती ठीक होती. प्रोलॅक्टिन या हार्मोनची नव्हती. नवऱ्याच्या वीर्याची तर नव्हतीच.

पीसीओडी म्हणायला आधार होता तो एका सोनोग्राफीचा: ‘दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक फॉलिकल्स.’ विशीतल्या बाईच्या अंडाशयात बारीक फॉलिकल्स, म्हणजे अंडं ज्यात वाढतं ते छोटे फुगे, पुष्कळदा दिसतात, त्यात आजार असतोच असं नाही. २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत पीसीओएसच्या (पीसीओडीचंच दुसरं नाव) निदानासाठी तीन खुणा ठरल्या: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनचं आधिक्य आणि सोनोग्राफीतलं चित्र. तिनांतल्या दोन हव्यात. पण त्याच निकषांत पुढची अट आहे आणि ती सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचे आजार आधी वगळलेले असले पाहिजेत. म्हणजे प्रोलॅक्टिन न बघता पीसीओडी हे निदान पूर्णच होत नाही.

समोर बसलेली मुलगीही त्या निदानात बसत नव्हती. वजन ५४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर. हनुवटीवर केस नाहीत, मुरुमं नाहीत, मानेवर काळपटपणा नाही. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं ती तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी बिनचूक येत होती. लग्नानंतर वर्षभरात ती लांबायला लागली, चाळीस दिवस, दोन महिने, मग बंदच. पीसीओएसमध्ये गोंधळ बहुतेकदा शाळेच्या वयापासून चाललेला असतो. दहा वर्षं नीट चाललेली पाळी अशी हळूहळू बंद पडते तेव्हा मध्ये काहीतरी नवीन घडलेलं असतं, आणि ते शोधायचं असतं.

आणखी एक खूण होती. पाळी आणायच्या गोळ्यांनी पूर्वी तिला चार दिवस नीट रक्तस्राव व्हायचा. शेवटच्या दोन वेळांना नुसता डाग लागला होता. या गोळ्यांमधलं प्रोजेस्टेरॉन पिशवीचं अस्तर गळवतं, पण ते अस्तर आधी इस्ट्रोजेनने वाढवलेलं असावं लागतं. डागच लागतो याचा अर्थ गळायला अस्तरच नाही, म्हणजे अंगात इस्ट्रोजेन फार कमी आहे. पीसीओएसमध्ये चित्र सहसा याच्या उलट असतं, तिथे इस्ट्रोजेन पुरेसं असतं.

दोन प्रश्न

सासूबाईंना आणि नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, “छातीतून कधी पाणी, दूध असं काही येतं का गं?”

ती गप्प झाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “दाबलं की येतं, मॅडम. दीड वर्ष झालं. अंघोळीच्या वेळी कळलं. मूल नसताना दूध येतंय म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून कुणाला बोलले नाही.”

दीड वर्ष ती हे एकटीने वागवत होती. त्या काळात निदान सहा-सात वेळा तरी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपली असेल. हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि तो नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारून उपयोग नसतो. तिला एकटीला आत घेण्याची सवय प्रत्येक दवाखान्याने लावून घ्यावी असं मला फार कळकळीने वाटतं.

दुसरा प्रश्न नेहमीचा: सध्या कुठली गोळी चालू आहे? “काही नाही,” ती म्हणाली. “दुखण्याची, तापाची, पित्ताची?” तेव्हा पर्समधून एक पाकीट निघालं. आठ महिन्यांपासून रोज सकाळी ती गॅसची कॅप्सूल घेत होती. पॅन्टोप्राझोल आणि त्यासोबत लेव्होसल्पिराइड. पहिलं औषध ॲसिड कमी करतं, त्याचा इथे संबंध नाही. दुसऱ्याचा आहे.

प्रोलॅक्टिन हे पिट्युटरी ग्रंथीतलं दूध तयार करणारं हार्मोन. मेंदूतून येणारं डोपामिन त्याच्यावर सतत अंकुश ठेवतं. लेव्होसल्पिराइड, डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड ही पोट आणि उलटीची औषधं, शिवाय रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारांची काही औषधं डोपामिनचा मार्ग अडवतात. अंकुश सुटतो आणि प्रोलॅक्टिन चढतं. बाळंतपणानंतर अंगावर पाजताना पाळी येत नाही ती याच हार्मोनमुळे: वाढलेलं प्रोलॅक्टिन मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून ठरावीक अंतराने सुटणारे संदेश मंदावतं, त्यामुळे पिट्युटरीतून एफएसएच आणि एलएच ही अंडाशयाला चालवणारी हार्मोन्स कमी येतात, अंडाशयाला काम करायचा हुकूमच मिळत नाही आणि इस्ट्रोजेन घटतं.

क्लोमिफीन आणि लेट्रोझोल इथे का हरली तेही यातूनच कळतं. क्लोमिफीन मेंदूला इस्ट्रोजेन दिसू देत नाही. मेंदूला वाटतं ते कमी पडलंय, मग तो एफएसएच वाढवतो. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच थोडे दिवस कमी करतं, आणि परिणाम तोच. दोन्ही औषधांचं सगळं बळ ‘इस्ट्रोजेन कमी झालं’ असा इशारा मेंदूला देण्यात आहे. इथे इस्ट्रोजेन आधीच तळाला गेलं होतं आणि तो इशारा ऐकणारा हायपोथॅलॅमसच प्रोलॅक्टिनने दाबलेला होता. डोस दुप्पट करून काही साधणार नव्हतं. अंडाशय मुळात निरोगी होतं, त्याला भोकं पाडून तर काहीच मिळणार नव्हतं, उलट त्यातल्या अंड्यांचा साठा थोडा कमी होण्याचीच भीती होती.

लेट्रोझोलबद्दल इथे थोडं सांगते, कारण नवऱ्याने मोबाइलवर ‘कॅन्सरचं औषध’ असं वाचून ते मध्येच बंद करायला लावलं होतं. ते स्तनाच्या कर्करोगासाठी निघालेलं औषध आहे हे खरं. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली. दरम्यान २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांत ते प्रमाण १९.१ टक्के होतं. आज पीसीओएसमध्ये अंडं तयार होण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे. औषध चांगलंच आहे. या मुलीचा आजार त्याचा नव्हता, एवढंच.

तपासण्या

आधी लघवीतून गर्भधारणेची तपासणी. पाळी चुकलेल्या कुठल्याही बाईची ती पहिली करायची, कितीही महिने झाले असले तरी. ती नकारात्मक. मग सकाळी, उठून दोन तास झाल्यावर, दवाखान्यात थोडं शांत बसवून रक्त घेतलं, कारण झोप, धावपळ आणि भीती यांनीही प्रोलॅक्टिन थोडं चढतं.

प्रोलॅक्टिन १३८ नॅनोग्रॅम प्रति मिली आलं. साधारण २५ च्या आत असावं लागतं. एफएसएच ३.८, एलएच २.१, इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, अवघं २२. एएमएच ३.४, म्हणजे अंड्यांचा साठा वयाला साजेसा. थायरॉइडसाठीचं टीएसएच २.६, नॉर्मल. क्रिएटिनिन नॉर्मल, कारण मूत्रपिंड बिघडलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं.

नवऱ्याच्या तपासणीवरून सासूबाई जरा दुखावल्या. “आमच्या घराण्यात तसं काही नाही, मॅडम.” मी म्हटलं, “मावशी, घराण्याचा प्रश्न नाही. हिची पाळी सुरू झाली आणि मग वर्षभराने ह्यांच्यात काही निघालं, तर ते वर्ष फुकट जाईल. आजच सोक्षमोक्ष लावू.” नवरा स्वतःच उठून बाटली घेऊन गेला. रिपोर्ट चांगला आला. गर्भनळ्यांची तपासणी मात्र मी लगेच केली नाही. जिला अंडंच तयार होत नाही तिचा दोष आधी तिथेच आहे. पाळी नियमित होऊन काही महिने गेले आणि तरी दिवस राहिले नाहीत, तर नळ्यांकडे वळायचं.

आता प्रश्न होता तो गॅसच्या कॅप्सूलचा. दोषी ठरवायला ती सोयीची होती, आणि कित्येक जणींच्या बाबतीत खरोखर तीच दोषी निघते. कॅप्सूल बंद करायची, महिन्या-दोन महिन्यांत पाळी परत, बाकी काही लागत नाही. पण इथे तारखा जुळत नव्हत्या. दूध दीड वर्षापासून, पाळी त्याच्याही आधीपासून लांबत चाललेली, कॅप्सूल मात्र आठ महिन्यांची. लेव्होसल्पिराइड बंद करून नुसतं पॅन्टोप्राझोल लिहून दिलं आणि आठवड्याने पुन्हा रक्त घेतलं. औषधामुळे चढलेलं प्रोलॅक्टिन बघायला तीन दिवसही पुरतात. आकडा १२१ आला. कॅप्सूलने भर घातली होती, मूळ वेगळं होतं.

काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे मोठे, निष्क्रिय पुंजके असतात. यंत्रात आकडा फुगतो, अंगाला मात्र त्रास नसतो. लॅबकडून तेही वेगळं करून घेतलं. तिचं प्रोलॅक्टिन खरंच वाढलेलं होतं. मग पिट्युटरीचा एमआरआय. ग्रंथीच्या डाव्या बाजूला सहा मिलिमीटरची गाठ.

“मेंदूत गाठ”

हे शब्द घरात कसे पोचतील याची मला उपचारापेक्षाही जास्त काळजी होती. पोर वांझ आहे ही कुजबुज आधीच होती, त्यात आता मेंदूची गाठ. म्हणून तिघांनाही एकत्र बसवून फिल्म दाखवली. पिट्युटरी स्वतःच हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते, मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली. त्यातली ही गाठ दहा मिलिमीटरच्या आतली. कर्करोग नाही. डोकं उघडायचं नाही. डोळ्यांच्या नसांपर्यंत ती पोचलेली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या गाठीवर गोळी चालते.

सासूबाईंनी बराच वेळ फिल्मकडे बघितलं आणि विचारलं, “म्हंजे दुर्बीण नको?”

“नको, मावशी.”

“आन् सोनं सोडवून आणू?”

“आणा.”

कॅबरगोलिन डोपामिनसारखं काम करतं. सुटलेला अंकुश ते पुन्हा बसवतं, प्रोलॅक्टिन उतरतं आणि बहुतेक वेळा गाठही आक्रसते. माणसातलं प्रोलॅक्टिन हे स्वतंत्र हार्मोन असल्याचं १९७० च्या सुमारास हेन्री फ्रिझन या कॅनडातल्या संशोधकाने दाखवलं. त्याआधी अशा स्त्रियांच्या आजाराचं मूळ रक्तात मोजताही येत नव्हतं. पुढची बरीच वर्षं ब्रोमोक्रिप्टिन हे मुख्य औषध होतं: रोज घ्यायचं, आणि मळमळ इतकी की अनेक जणी ते सोडून द्यायच्या. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोलॅक्टिन वाढून पाळी बंद झालेल्या ४५९ स्त्रियांमध्ये दोन्ही औषधांची तुलना झाली. कॅबरगोलिनने ८३ टक्के जणींचं प्रोलॅक्टिन नॉर्मल झालं, ब्रोमोक्रिप्टिनने ५९ टक्के. अंडं तयार होणं किंवा दिवस जाणं ७२ टक्के विरुद्ध ५२. त्रासामुळे औषध सोडणाऱ्या ३ टक्के विरुद्ध १२. मला या शेवटच्या आकड्याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं, कारण तालुक्याच्या गावात न सोसणारं औषध म्हणजे बंद पडलेलं औषध.

सुरुवात पाव मिलिग्रॅमने, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आठवड्यातून फक्त दोनदा. सोमवारी आणि गुरुवारी, रात्री जेवणानंतर, झोपायच्या वेळी. हे औषध अंगात बराच काळ टिकतं म्हणून रोज लागत नाही. ‘रोजची राहिली असेल लिहायची’ असं समजून कुणी ती रोज घेऊ नये, म्हणून मी वार कागदावर लिहून दिले आणि मेडिकलवाल्यालाही फोन केला.

पहिल्या दोन आठवड्यांत मळमळली. एकदा पहाटे पाणी भरायला झटकन उठली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब थोडा उतरतो त्याचा हा परिणाम. उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं, एवढ्याने भागलं. मनावरच्या परिणामांबद्दल मी नवऱ्याला वेगळं सांगितलं: बेलगाम खर्च, जुगार, एखाद्या गोष्टीचा अनावर ध्यास असं काही दिसलं तर लगेच कळवायचं. क्वचित होतं, पण सांगितलेलं नसेल तर घरचे त्याचा औषधाशी संबंध लावत नाहीत. हृदयाच्या झडपांचा धोका दिसला तो पार्किन्सनसाठी रोज कित्येक मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये. तिचा डोस त्याच्या मानाने फारच कमी होता.

महिन्याने प्रोलॅक्टिन ३४. डोस वाढवून आठवड्यातून दोनदा अर्धा मिलिग्रॅम केला. दुसऱ्या महिन्याअखेर १४. त्याच्या थोडं आधी, औषध सुरू करून सातव्या आठवड्यात, तिला कुठल्याही गोळीशिवाय पाळी आली. सकाळी सकाळी फोन आला, पलीकडे ती रडत होती, आणि आधी मला वाटलं काहीतरी बिघडलं.

पहिल्या दोन पाळ्या होईपर्यंत निरोध वापरायला सांगितलं. पाळीच्या तारखा एकदा कळल्या की दिवस गेल्याचं लवकर लक्षात येतं आणि गोळी वेळेवर थांबवता येते. हे सासूबाईंना पटवणं अवघड गेलं. चार वर्षं वाट बघून आता थांबायचं कशाला? पण त्यांनी ऐकलं. तिसऱ्या महिन्यात पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी प्रोजेस्टेरॉन तपासलं, १२.४ आलं. ३ च्या वर गेलं की अंडं सुटलं असं धरतात. दीड वर्षात क्लोमिफीन आणि लेट्रोझोलने जे झालं नव्हतं ते आपसूक झालं होतं.

समजा प्रोलॅक्टिन उतरूनही अंडं तयार झालं नसतं, तर लेट्रोझोल पुन्हा सुरू करता आलं असतं, आणि यावेळी त्याला काम करायला जागा मिळाली असती. तेही चाललं नसतं तर एफएसएचची इंजेक्शनं होती. ती जपून द्यावी लागतात, जुळं-तिळं राहण्याचा आणि अंडाशय सुजण्याचा धोका असतो. यातलं काहीच लागलं नाही. पाचव्या महिन्यात पाळी चुकली, तपासणी सकारात्मक आली आणि त्याच दिवशी कॅबरगोलिन बंद केलं.

गरोदरपण आणि नंतर

गरोदरपणात प्रोलॅक्टिन सगळ्यांचंच वाढतं, त्यामुळे ते तपासायचं नसतं. नववा महिना लागेपर्यंत तीनदा कुणी ना कुणी ते लिहून दिलं आणि तीनदा ते खोडावं लागलं. आकडा २०० च्या वर दिसला की घरातली झोप उडते आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं ते एवढंच: डोकं सतत दुखतं का, कडेचं दिसणं कमी झालंय का? दहा मिलिमीटरच्या आतली गाठ गरोदरपणात त्रास देण्याइतकी वाढण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. तिला काही झालं नाही. दिवस भरून नॉर्मल बाळंतपण झालं, मुलगी.

अंगावर पाजायचं की नाही यावरून घरात पुन्हा भीती. कुणीतरी सांगितलं होतं की पाजल्याने गाठ वाढते. तसं नाही. पाजायला हरकत नसते, आणि कॅबरगोलिन दूध बंद करतं म्हणून पाजत असताना ते सुरू करत नाहीत. तिने चौदा महिने पाजलं.

दूध तोडल्यावर तीन महिन्यांनी प्रोलॅक्टिन ४६ आलं आणि एमआरआयमध्ये गाठ चार मिलिमीटरवर आलेली दिसली. बाळंतपणानंतर काही जणींची गाठ अशी आपोआप शांत होते. आकडा २५ च्या वर आहे म्हणून गोळी सुरू करा, असा आग्रह तिच्या नवऱ्याने धरला. पण पाळी बत्तीस-चौतीस दिवसांनी नियमित येते आहे, दूध नाही, डोकेदुखी नाही, म्हणजे इस्ट्रोजेन पुरेसं आहे आणि त्यामुळे हाडंही सुरक्षित आहेत. सध्या औषध नाही. सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, पाळी पुन्हा लांबली तर त्याआधी यायचं, आणि दुसऱ्या मुलाचा विचार केला की आधी एकदा प्रोलॅक्टिन बघायचं, असं ठरलं आहे. पित्तासाठी कुठलंही नवीन पाकीट घेण्याआधी ती त्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवते.